उपदेशकाची भाकरी



कामगार चळवळीत उभा जन्म घालविलेल्या माणसाने ख्रिस्ती पाळकांच्या इतिहासावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी धर्मोपदेशक नव्हे आणि इतिहासाचा प्राध्यापकही नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचन घडले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु मोंढ्यातील हमाल आणि जिनिंगमधील मजूर यांच्यात काम करीत असताना एक प्रश्न मला सारखा भेटत आला आहे. चार माणसे गोळा करून त्यांना चार शब्द सांगणारा, त्यांच्या अडीअडचणीला धावून जाणारा जो माणूस असतो, त्याच्या घरची चूल कोणी पेटवावी? मालकाने पेटविली तर तो मालकाला दुखविणार नाही. दूरच्या पुढाऱ्याने पेटविली तर त्याचे डोळे पुढाऱ्याकडे लागलेले राहतील. ज्यांच्यासाठी तो राबतो त्यांनीच पेटवावी म्हणावे, तर त्यांच्या स्वतःच्याच चुलीची पंचाईत. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही.

हा प्रश्न एकट्या कामगार संघटनेचा नाही. उपदेश करणे आणि माणसे सांभाळणे हे ज्यांचे काम, त्या सर्वांचा तो आहे. ख्रिस्ती पाळकांनी तो फार जुन्या काळापासून सोसला आणि त्यावर नाना तोडगे काढून पाहिले. त्यांतला एक मोठा प्रयोग तर आपल्या अगदी जवळ झाला. परभणीहून मनमाडच्या गाडीत बसले की मानवत रोड, सेलू, परतूर मागे टाकून जालना येते. त्या जालन्याजवळ दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी पाळकाने गावच वसविले होते. त्या गावापर्यंत आपण आज जाणार आहोत, पण जरा वळणाने.

प्रथम ‘पाळक’ या शब्दाकडे पाहू. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूला पाळक म्हणतात. मेंढरे राखणारा तो पाळक. लोकांना वाटते, रविवारी तासभर प्रवचन झाले की याचे काम संपले. वस्तुतः प्रवचन हा त्याच्या कामाचा लहानसा भाग होय. मूल जन्मले की बाप्तिस्मा, पुढे लग्न, शेवटी मूठमाती, हे सर्व त्याच्याच हातून व्हावयाचे. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, नवराबायकोचे भांडण मिटविणे, ज्याला अक्षर येत नाही त्याला पत्र वाचून दाखविणे, कचेरीतला अर्ज लिहून देणे, हेही त्याच्याकडेच. आणि आठवडाभर ज्यांचे तंटे सोडविले त्यांच्याच पुढे रविवारी उभे राहून खरे बोलावयाचे. यातले शेवटचे काम सर्वांत कठीण. कारण समोर बसलेल्यांच्याच दानातून पाळकाच्या घरी ज्वारी यावयाची असते.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासून या बाबतीत दोन मते चालत आली आहेत. प्रेषित पौल हा तंबू तयार करणारा कारागीर होता. करिंथ शहरी तो आपल्याच धंद्यातील एका जोडप्याकडे राहिला, हाताने काम करून पोट भरू लागला आणि शब्बाथाच्या दिवशी उपदेश करू लागला. परंतु त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, उपदेशकाला लोकांकडून पोटापुरते घेण्याचा हक्क आहे असेही बजाविले, आणि तो हक्क आपण स्वतः वापरला नाही हेही सांगितले. आपल्या वारकरी परंपरेत तुकोबांनी कीर्तनकाराला, कीर्तनाचे मोल घेऊ नये, असा दंडक घालून दिला. तेव्हा हक्क असावा पण त्याचे ओझे होऊ नये, ही कसरत दोन्हीकडे सारखीच आहे. जनाबाईंच्या गंगाखेडच्या मुलखात राहणाऱ्यांना ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठी मुलखातील पहिले मोठे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. मधली बहुतेक वर्षे त्याने साष्टी प्रांतात पाळकाचे काम केले. तो काळ कठीण होता. पोर्तुगीज राजसत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. लोक संतापलेले होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगिजांनी त्या गावच्या प्रमुखांना बोलावून दगा देऊन ठार केले. धर्मप्रसाराच्या मागे तलवार उभी असली म्हणजे काय होते याचा हा दाखला आहे, आणि तो झाकून पुढे जाणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही.

अशा दिवसांत स्टीफन्सने एक गोष्ट ओळखली. जे लोक ख्रिस्ती झाले त्यांची पुराणे सुटली आणि त्या जागी त्यांच्या जिभेवर काहीच आले नाही. लॅटिन प्रार्थना त्यांना कळत नव्हत्या. म्हणून त्याने मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परक्या देशातून आलेल्या माणसाने ज्ञानोबांच्या भाषेची थोरवी मानावी आणि तिच्यातच आपला उपदेश करावा, हे उपदेशकाच्या धंद्यातले पहिले शहाणपण होय. लोकांना शिकविण्याआधी तो लोकांकडून शिकला.

पण त्या चर्चची भाकरी पोर्तुगालच्या राजाकडून येत होती. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, येथील लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या बोलीत लोक रडत-हसत होते तिलाच सरकारने गुन्हेगार ठरविले. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग हे पुराण वाचले कसे? मंगळूरकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घरात जपले. त्या पोथ्यांवरून १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले. राजाने पोसलेल्या व्यवस्थेने जे राखले नाही ते ऐकणाऱ्यांनी राखले. उपदेशकाचा खरा धनी कोण, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

पुढची दोनशे वर्षे ओलांडून आता आपण देशावर येऊ. १८१३ साली अमेरिकन मिशनची माणसे मुंबईस उतरली. पुढे त्यांचे मोठे ठाणे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे झाले. १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. १८५४-५५ साली या संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन बोस्टनहून पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे असे की, येथील मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपण करावा. परदेशी मिशनरी कायमचा राहण्यासाठी नसून एक दिवस निघून जाण्यासाठी आहे. १८५४ सालीच नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

तत्त्व उत्तम होते. कोणत्याही कामगार संघटनेने भिंतीवर लिहून ठेवावे असे होते. पण ते अमलात आणावयाचे कोणाच्या बळावर? नगर जिल्ह्यातील खेड्यांत जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार समाजातील होते. गावकीची कामे करून मिळणारे बलुते हाच त्यांचा आधार. धर्म बदलला की बलुते धोक्यात आले. १८५० साली इंग्रज सरकारने कायदा केला की, धर्म सोडल्याने कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. परंतु कायदा हक्क देतो तो कागदावर, खळ्यावर धान्य मोजून देत नाही. ज्याच्या घरी सुगीलाही कणगी भरत नाही त्याने दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, मंडळीला द्यावा आणि त्यातून पाळकाचा पगार निघावा, असे ठरले. तो पुरा निघणे कठीण होते. उरलेला भाग मिशनने घालावयाचा. म्हणजे पाळकाचा एक पाय मंडळीच्या ओसरीवर आणि दुसरा मिशनच्या बंगल्यात. बंगल्यातला साहेब त्याला आपला नोकर समजे, आणि वाड्यावस्तीतला माणूस त्याला साहेबाचा माणूस समजे. दोन्हीकडचा विश्वास कमावणे ही त्याची रोजची कसोटी.

त्यात दुष्काळ आले. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या सालांची आठवण दख्खनमध्ये पुष्कळ दिवस राहिली. अशा वेळी मिशनच्या दारी धान्य मिळे आणि माणसे तेथे जात. त्यावरून ‘भाकरीसाठी झालेले ख्रिस्ती’ असा टोमणा निघाला. तो टोमणा मारणारांनी त्या वेळी किती जणांना जेवू घातले, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. परंतु प्रामाणिक पाळकापुढेही पेच होताच. भुकेल्या माणसाचा होकार हा होकार धरावयाचा काय? संपाच्या काळात शिधा वाटताना आम्हांलाही हाच पेच पडतो. शिधा घेणारा संघटनेत आला, की शिध्यापुरता आला, हे शिधा संपल्यावर कळते. पाळकाची परीक्षा पाऊस पडल्यानंतर सुरू होत असे.

आता जालन्याला येऊ. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातले, मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहावयास गेल्यावरून कोर्टात मोठा खटला झाला, आणि मुलाला बापाच्या हवाली करण्यात आले. श्रीपतला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावरही आग पाखडली. एकाच घरातला एक भाऊ इकडे, एक तिकडे. उपदेशकाच्या वाटेची सुरुवात अशी घर फुटण्याने होते, हे त्याच्या टीकाकारांनी आणि प्रशंसकांनीही विसरू नये.

१८५४ साली शेषाद्रींना दीक्षा मिळाली, आणि १८६० नंतर ते निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. तेथे इंग्रजी छावणी होती. पण त्यांचे काम मुख्यतः वाढले ते मातंग समाजात, त्या काळच्या कागदपत्रांत ज्यांना मांग म्हटले आहे त्यांच्यात. ज्या जातीची सावली टाळली जाई तिच्यात एका ब्राह्मणाच्या मुलाने बसावे, जेवावे, तिच्या लेकरांना अक्षर शिकवावे, हे त्या काळी केवढे धाडस होते! परंतु अडचण तीच. गावात राहून ख्रिस्ती झालेला मातंग गावाच्या रोषात राहणार. आणि १८५० चा इंग्रजी कायदा निजामाच्या मुलखाला लागू नव्हता. तेव्हा शेषाद्रींनी निराळाच तोडगा काढला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात जालन्याजवळ जमीन मिळवून त्यांनी ख्रिस्ती लोकांचे स्वतंत्र गाव वसविले. त्याचे नाव बेथेल. हिब्रू भाषेत याचा अर्थ देवाचे घर.

या प्रयोगाचे मोल मी कमी करणार नाही. रोजंदार माणसाला प्रवचन देण्याआधी पायाखाली जमीन दिली पाहिजे, हे या पाळकाला कळले होते. दुसऱ्याच्या वाड्यापुढे वाकून उभा राहणारा माणूस आपल्या शेताच्या बांधावर ताठ उभा राहतो. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या हाती जमीन, शाळा आणि देऊळ ही तिन्ही असतील त्या पाळकाला मंडळीतला माणूस ‘नाही’ कसे म्हणणार? आणि स्वतः शेषाद्रींना पैशासाठी समुद्रापलीकडे पाहावे लागले. १८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या प्रोटेस्टंटांची परिषद भरली तेव्हा ते तेथे पागोटे घालून गेले होते, आणि त्यांची भाषणे ऐकावयास गर्दी लोटली. १८९१ साली ते वारले. त्यांच्या मागे गाव राहिले. परंतु गाव आपल्या पायावर उभे करण्याचा प्रश्नही मागे राहिला.

हा प्रश्न ज्याने मुळाशी जाऊन हाताळला तो माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, कोकणातला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर येथेही फुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. १९०० साली त्यांनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरला शिकविणे, खेड्यांतून उपदेश, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, अशी त्यांची कामे चालली. उपदेशासाठी त्यांनी कीर्तन आणि भजन हाती घेतले. नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी त्यांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. बाजारात उभे राहून वाद घालणाऱ्या उपदेशकावर लोक चिखल फेकीत. पण टाळ-मृदंग वाजला की तेच लोक घोंगडी टाकून बसत. स्टीफन्सला जे तीनशे वर्षांपूर्वी कळले होते ते देशावर पुन्हा शिकावे लागले.

टिळकांना एक शल्य बोचत होते. मिशनचा पगार घेणारा उपदेशक कितीही कळवळून बोलला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात येते की हा पगाराचे बोलतो आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. ‘देवाचा दरबार’ नावाने त्यांनी नवी चळवळ उभी केली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. वृत्ती संन्याशाची, आणि विश्वास लोकांच्या देण्यावर. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पगार सोडून! पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस वारले. दरबार त्यांच्यामागे फार वाढला नाही. म्हणून हिशेबनीस म्हणतील की प्रयोग फसला. मी तसे म्हणणार नाही. मराठी मंडळ्या आजही रविवारी टिळकांची गीते म्हणतात.

येथे लक्ष्मीबाईंचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत हसत हसत सांगितलेल्या गोष्टींमागे एक कठोर सत्य आहे. पती हाती येईल ते देऊन टाकणारा, आणि उद्याच्या स्वयंपाकाची काळजी पत्नीला. पाळकाचा त्याग पुस्तकात येतो. तो त्याग निभावून नेणाऱ्या बाईची मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. आमच्या चळवळीतही हेच आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांचे पर्व ओसरत गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास निरनिराळ्या सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. अँडरसनसाहेबांचे तत्त्व एकदाचे खरे झाले. कारभार आपल्या लोकांच्या हाती आला. त्याबरोबर मिशनच्या जागाजमिनींवरून होणारे तंटेही आपलेच झाले. आणि एक घाव मात्र कायम राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या महार-मातंगांना ती सवलत मिळालेली नाही. बाप्तिस्म्याने जात गेली असे कायदा म्हणतो. पाणवठ्यावर मात्र ती गेली नव्हती. अशा कुटुंबांच्या मंडळीने पाळक पोसावयाचा, हे ओझे किती आहे याचा विचार शहरात बसून ख्रिस्ती समाजाला ‘परदेशी पैशाचा’ म्हणणाऱ्यांनी करावा.

शेवटचे उदाहरण अगदी आपल्या काळचे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९७२ साली धर्मगुरू झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने हा पाळक रस्त्यावर उतरला. त्याच्यामागे ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. कारण विहिरीच्या पाण्याला धर्म नसतो. पुढे आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड झाली तेव्हा त्यांना धमक्या आल्या. तरीही आजारी देहाने ते आले आणि जे बोलावयाचे ते बोलले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. पाळक कोणाचा, या प्रश्नाला त्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले. त्यांच्या मते पाळक केवळ आपल्या मंडळीचा नव्हे, तो ज्या गावात राहतो त्या सगळ्या गावाचा.

या चारशे वर्षांच्या हिशेबात पाळकाच्या पदरात पडले काय? पैसा नव्हे, हे उघड आहे. मान मिळाला, तर त्याच्याबरोबर संशयही मिळाला. पण दोन गोष्टी अशा मिळाल्या की ज्या कोणत्याही पगारात बसत नाहीत. एक म्हणजे, ज्या घरी दुसरा कोणी पाऊल टाकीत नसे तेथे मरणाच्या रात्री त्यालाच बोलावणे येई. असे बोलावणे मिळविण्यास वर्षे लागतात आणि ते विकत मिळत नाही. दुसरी म्हणजे, त्याने सांगितलेला शब्द त्याच्यामागे लोकांनी स्वतःचा म्हणून जपला. कोणी पोथीत उतरविला, कोणी गळ्यात साठविला.

आणि भाकरीच्या प्रश्नाचे काय? इतिहास पाहता मला असे दिसते की, राजाच्या भाकरीने पाळकाची भाषा गेली, मिशनच्या भाकरीने त्याच्यावरचा विश्वास अर्धा राहिला, आणि भाकरीच सोडली तेव्हा वाणी मोकळी झाली पण संस्था टिकली नाही. मंडळीची स्वतःची भाकरी सर्वांत थोडी आणि सर्वांत उशिरा येते; तरी टिकाऊ तीच. हमालाने महिन्याकाठी दिलेली दहा-वीस रुपयांची वर्गणी मोजताना मला खिस्ती आणि मोडक यांच्या मंडळीतला दशमांश आठवतो. ती वर्गणी देणारा माणूस कार्यकर्त्याला जाब विचारतो, त्याची चूक दाखवितो, प्रसंगी त्याला घरी बसवितो. तो जाब ज्याला सोसवतो त्यानेच उपदेशाच्या वाटेला जावे, मग तो देवळातला असो की मोंढ्यातला. आणि ज्यांना खरे बोलणारा माणूस हवा असेल त्यांनी त्याच्या पोटापुरते देण्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलू नये.

अशा व्याख्यानमालाही गावाच्या वर्गणीवरच चालतात, म्हणूनच मला येथे इतके मोकळेपणी बोलता आले.